कॅबिनेटच्या पोटातला वारा

मामांचं नागपुरात कूलरच्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी जळालेल्या वाइंडिंगचा वास घेतला. आता दुकान मामेभाऊ बघतो आणि मामांकडे फक्त सल्ले उरले आहेत. मी घरी बसून ऑडिओबुकांचं संपादन करते, मधूनमधून स्वतःही वाचते. माझ्या मायक्रोफोनला शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, मग टेबलाखालचा कॉम्प्युटर का नाही येणार? म्हणून गेल्या मे महिन्यात, ऐन नवतप्यात, मी कॅबिनेट बदललं. पुढं जाड बंद दार, दाराला आतून फोम, वरच्या जाळीवर झाकणं, पत्र्यांना डांबरी पट्ट्या, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘सायलेंट’. तीन दिवसांत कॉम्प्युटर आधीपेक्षा जास्त ओरडायला लागला.

मामा त्या दिवशी जेवायला आले होते. खोलीच्या दारातच थबकले आणि मान तिरपी करून ऐकत राहिले.

मामा : हे काय बोंबलून राहिलं?

मी : कॉम्प्युटर. त्याला शांत करतेय.

मामा : शांत करून राहिली, का गळा दाबून राहिली?

मी : मामा, तुमच्या दुकानात दिवसभर चार-पाच कूलर एकदम चालत. तुम्हाला आवाजाचं काय सांगायचं!

मामा : म्हणूनच सांगतो. गिऱ्हाईक आलं का आधी कानानं कूलर पारखे. घरघर नसली तर म्हणे, याच्यात हवाच नाही. आवाज येते म्हणजे मोटर जिवंत आहे. आवाज बंद झाला का मग वास येते.

मी : हा कूलर नाही ना पण. पहाटे तीनला मी वाचायला बसते. तेव्हा कूलर बंद, छताचा पंखाही बंद. घामाघूम होऊन वाचते आणि नंतर हेडफोनवर ऐकते तर प्रत्येक वाक्याच्या मागं घूं… दिवसा हा ऐकूही येत नाही, कारण कूलर त्याच्यावर पांघरूण घालतो.

मामा : मग दिवसा वाच.

हा युक्तिवाद नागपूरकर सहज करतो. आपल्याकडं ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत; निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना झोपण्याच्या खोलीसाठी ३० सुचवते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोन्ही आकडे कागदावरच राहतात. तरी शांततेची गरज ही श्रीमंतांची हौस आहे, असं मामांसारखं मला म्हणवत नाही. ज्याचं काम कानावर चालतं, त्याच्यासाठी ती कच्चा माल आहे.

मामांनी बाजूचा पत्रा काढायला लावला. पंख्यांची मोजदाद झाली.

मामा : एकच पंखा?

मी : तीन होते. दोन काढले. पंखे कमी, आवाज कमी.

मामा : अरे बाप्पा! चौघांची पालखी एकाच्या खांद्यावर दिली, आन् म्हणते तो धापा काहून टाकते?

मी गप्प बसले, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. पंख्याचा आवाज त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतो. फेरे निम्मे केले तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर फक्त ३ डेसिबल चढतात. म्हणजे मिनिटाला १४०० फेरे घेणाऱ्या एका पंख्याऐवजी ७०० फेऱ्यांचे दोन लावले, तर कागदावर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबल कमी. कानाला १० डेसिबलची घट निम्म्यासारखी वाटते. मी नेमकं उलटं केलं होतं. मामांना यातलं एकही सूत्र ठाऊक नाही. त्यांच्याकडं पालखी होती.

सूत्राला एक शेपूट आहे आणि माझी खरी फजिती त्या शेपटात होती. वेग निम्मा झाला की पंख्याचा दाब चौथाईवर येतो. हळू फिरणारा पंखा उघड्यावर छान हवा देतो. पण समोर बंद दार, मग फोम, मग धुळीची गच्च जाळी, अशी रांग लावली तर तो जागेवर नुसता फिरत राहतो. संथ पंखा हवा असेल तर वाट मोकळी पाहिजे. ‘सायलेंट’ खोक्यानं माझी वाटच बुजवली होती. प्रोसेसर तापला, मदरबोर्डनं पंख्याला पळवलं, आणि पळणाऱ्या पंख्याचा आवाज दाराच्या बाजूच्या फटींतून बाहेर आला.

मी : पण बंद कॅबिनेटची कल्पना मूर्खपणाची नव्हती हं. २००५ साली अँटेक कंपनीनं पी१८० नावाचं कॅबिनेट काढलं. कॅनडातल्या माइक चिन या समीक्षकाच्या सल्ल्यानं बनवलेलं. त्या माणसानं आयुष्यच शांत कॉम्प्युटरांच्या मागं घातलं होतं. तीन थरांचा पत्रा, वीज पुरवणारा एसएमपीएस तळाशी वेगळ्या कप्प्यात, १२० मिलिमीटरचे पंखे. तेव्हा बाकीचे ८० मिलिमीटरचे चिमुकले पंखे लावून शिट्ट्या मारत होते.

मामा : त्यानं पंखे मोठे केले ना? मग पत्र्याचं कौतुक काहून सांगते?

मी : पत्र्याचाही उपयोग असतो. हे बघा, टिचकी मारा. आमच्या जुन्या कॅबिनेटला मारली की टण्ण वाजायचं. हे ठप्प वाजतं. डांबरी पट्टीच्या वजनानं पत्रा थरथरत नाही.

मामा : ते बरोबर आहे. कूलरच्या पत्र्याले आम्ही पोत्याची घडी लावत होतो. पण हे गादीसारखं काय आहे?

मी : फोम. तो आवाज पितो.

मामा : कोणता आवाज?

हा प्रश्न साधा वाटतो, पण ‘सायलेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्ध्याअधिक वस्तू तिथंच उघड्या पडतात. माझ्या पंख्याला सात पाती. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २०, म्हणजे सेकंदाला १४० वेळा एक पातं चौकटीच्या दांड्यापुढून जातं. ती घूं १४० हर्ट्झची. या सुराची लांबी हवेत जवळजवळ अडीच मीटर. एवढ्या लांब लाटेला एक सेंटिमीटरचा फोम म्हणजे नदीला टाचणी आडवी घातल्यासारखं. फोम वरच्या पट्टीतली शिसशीस थोडी खातो, खालची घरघर जशीच्या तशी सोडतो. त्याच्या पोटात जाते ती धूळ.

मामांनी मग कॅबिनेटवर तळवा ठेवला. डोळे मिटले. दुकानात ते असेच मोटर तपासायचे.

मामा : याच्यात दोन आवाज आहेत. एक पंख्याचा, हवा कापून राहिला तो. दुसरा हवेचा नाही, पत्रा घुमून राहिला.

दुसरा होता हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० थरथरी, चार स्क्रूंतून थेट लोखंडी सांगाड्यात. डिस्क मुळात फार बोलत नाही. सांगाडा तिचा कर्णा होतो. मामांनी सायकलच्या ट्यूबच्या चार चकत्या कापल्या, स्क्रूखाली घातल्या आणि तो सूर तिथल्या तिथे विरघळला. महागड्या कॅबिनेटमध्ये याच कामासाठी सिलिकॉनचे मणी देतात. (माझ्या कॅबिनेटमध्येही होते. पिशवीतच राहिले होते.) पुढं मी ती डिस्क बाहेर काढली आणि आत एसएसडी ठेवली. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळं तिच्यापुरता वादच संपला.

इथवर मामांचं ऐकण्यासारखं होतं. पण चाळीस वर्षांची सवय माणसाला एका वळणावर हटकून चुकीच्या गल्लीत नेते.

मामा : आता हे झाकण लावूच नको. उघडं राहू दे. मोकळी हवा.

मी : नाही मामा. झाकण काढलं तर हवेची वाटच मोडते. पुढून गार हवा घ्यायची, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डवरून न्यायची, मागून गरम बाहेर टाकायची. बाजू उघडी असली की पंखा बाहेर फेकलेली गरम हवाच परत ओढतो. आवाज अडवायला काही उरत नाही. शिवाय पाल शिरते.

मामा : पाल कायले शिरन?

मी : गेल्या वर्षी शिरली होती.

मामा : (जरा थांबून) मग लाव.

पुढचा पेच बुशाचा, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीचा. मामांना पंख्याचं स्टिकर उचकटून, रबरी बूच काढून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडायचा होता. जुन्या बुशवाल्या पंख्यांना तो थेंब काही महिने जीवदान देतो, हे खरंच. नव्या चांगल्या पंख्यांत तेल आत कोंडलेलं असतं. बुशाच्या आतल्या भिंतीला खाचा असतात आणि फिरण्याच्या दाबानं त्या तेलाची गादी तयार करतात. ते उघडलं की बिघडलं. बॉल बेअरिंग जास्त टिकतं, पण जुनं झालं की किरकिरतं. मामांना मी ऑस्ट्रियाच्या नॉक्चुआ कंपनीचा तो प्रसिद्ध तपकिरी पंखा दाखवला, २०१८ साली आलेला. पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्धा मिलिमीटर फट. साधं प्लॅस्टिक फिरता फिरता आणि तापून किंचित लांबतं आणि चौकटीला घासू शकतं, म्हणून त्यांनी पात्यांसाठी खास ताठ पॉलिमर वापरला.

मामा : अर्धा मिलिमीटर! कूलरच्या रिंगमंधी दोन बोटं जातात. तिथूनच हवा उलटी फिरते. आम्हाले माहीत होतं, पण पत्र्याच्या रिंगले एवढी गोलाई कोण देईन?

किंमत सांगितल्यावर त्यांनी तो पंखा अदबीनं टेबलावर ठेवला.

मामा : आन् रेग्युलेटर कोणता आहे याले?

हा माझा प्रांत. मी त्यांना तारा दाखवल्या. तीन तारांचा पंखा हळू करायचा तर त्याचा १२ व्होल्टचा दाब ७ पर्यंत उतरवतात. मध्ये एक रोधक जोडलेली छोटी तार मिळते, म्हणजे आपल्या छताच्या पंख्याचा तो जुना, तापणारा, डबड्यासारखा रेग्युलेटरच. चार तारांच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम राहतात आणि चौथ्या तारेवरून ‘किती पळ’ हा निरोप सेकंदाला २५,००० ठोक्यांनी जातो.

मामा : ठोक्यानं? मग गुणगुणत असन. ते इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले तेव्हा लोकं पंखा घेऊन यायचे, घूंऽऽ करते म्हणून. मोटर चांगली राहे, रेग्युलेटर वीज तोडून तोडून दे.

मी : म्हणूनच २५,००० ठेवलेत. माणसाला २०,००० च्या वरचं ऐकू येत नाही.

मामा : म्हणजे गुणगुणते, पण कुत्र्याले ऐकू येते.

मी दोन पंखे परत जोडले. आता नवीनच तऱ्हा : वूं… वूं… वूं… लाटांसारखा आवाज. एक पंखा ७०० वर, दुसरा ७३० वर. एकाची पाती सेकंदाला ८२ वेळा, दुसऱ्याची ८५ वेळा. फरकातून सेकंदाला तीन-साडेतीन हेलकावे. दोन पंखे मिळून आवाज कमीच होता, पण असा झुलणारा की कान त्याच्यावरून हटेना.

मामा : दोघाले दूर कर. एक ७००, एक ८५०. भावाभावाचं एका मापाचं असलं का तंटा होते.

तसं केलं आणि हेलकावे गेले. या आवाजाबद्दलचं माझं मत तिथं बदलायला लागलं. त्यातच मामांनी एक घरगुती गोष्ट सांगितली. रात्री वीज गेली की घरातलं कोणीही उकाड्यानं जागं व्हायच्या आधी आवाज थांबल्यानं जागं होतं. कूलर चालू असतो तोवर ढाराढूर. म्हणजे मोठा आवाज झोपू देतो, बदल झोपू देत नाही. माझा कॉम्प्युटर हेच करत होता. फाईल उघडली की प्रोसेसर क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळे, पंखा धावे, दोन सेकंदांत परत खाली. दिवसभर उसासे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन मी पंख्याचा आलेख सपाट केला. ६५ अंशांपर्यंत वेग हलायचाच नाही, त्याच्या पुढं सावकाश चढायचं, आणि चढण्या-उतरण्याआधी काही सेकंद थांबायचं. प्रोसेसरवरचा धातूचा हीटसिंक किलोभर वजनाचा आहे. चार सेकंदांची उसळी तो पोटात घेतो. एकही वस्तू विकत न घेता झालेली ही सगळ्यांत मोठी सुधारणा.

दुपारी मात्र सगळं पुन्हा कोसळलं. खोलीत ३८ अंश.

मी : परदेशात याच हीटसिंकनं म्हणे अगदी शांत चालतं.

मामा : परदेशात खोली किती अंश?

मी : एकवीस-बावीस.

तेच. हीटसिंक प्रोसेसरला गार करत नाही, खोलीपेक्षा अमुक इतका वर रोखून धरतो. पूर्ण कामात तो ४० अंश वर धरत असेल, तर तिकडं ६२ आणि इकडं ७८. त्यांचा आलेख त्यांना लाभतो. शिवाय माझा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून ३५० वॉट खातात. जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता बाहेर यावीच लागते, म्हणजे टेबलाखालच्या पेटीत १०० वॉटचे साडेतीन जुने दिवे. मिनिटाला ५० घनफूट हवा खेळली तर ती १२ अंशांनी तापून बाहेर पडते. हवा अर्धी केली तर २४ अंश. पंखे कितीही कौतुकाचे असोत, हा हिशेब चुकत नाही.

मी : ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जला पंख्यांचा तिटकारा होता. १९८४ चा मॅकिंटॉश बिनपंख्याचा. २००० सालचा जी४ क्यूबसुद्धा.

मामा : मग पंखा काहून परत लावला?

मी : मॅकिंटॉशला १९८७ साली लावला, एसईला. क्यूब तर वर्षभरात थांबवला. आणि २००२ च्या पॉवर मॅक जी४ चे पंखे असे घोंघावायचे की लोकांनी त्याचं नाव वाऱ्याचा बोगदा ठेवलं.

मामा : आधी श्वास कोंडला, मग धाप लागली. पण मले सांग, तू नळ धो धो सोडते आन् बादल्या बदलत बसते. नळच काहून नाही कमी करत?

आणि इथं आमच्या बाजूंची अदलाबदल झाली. शांतता शांतता म्हणून जीव टाकणारी मी, वेग कमी करायचं म्हटल्याबरोबर अंगावर धावून गेले.

मी : मी एवढे पैसे मोजून १०५ वॉट वर्गातला रायझन प्रोसेसर घेतला, तो काय रांगायला?

मामा : मोटर पाच एचपीची आहे म्हणून विहिरीत पाणी जास्त येते का?

खरी अडचण पैशाची नव्हती, अहंकाराची होती. बायोसमध्ये ‘इको मोड’ नावाची एक ओळ असते. ती लावली की या प्रोसेसरची प्रत्यक्ष वीजमर्यादा १४२ वॉटवरून ८८ वर येते. वेग मात्र त्या प्रमाणात पडत नाही. लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते आणि शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर व्होल्टेज भरमसाट चढवतो. ती शेवटची चढण सोडली की उष्णतेचा मोठा वाटा गळतो. संध्याकाळी मी चोरून ती ओळ बदलली. प्रकरणाची फाईल तयार व्हायला काही सेकंद जास्त लागले. पंखे ८०० च्या वर गेले नाहीत. मामांना मी हे लगेच सांगितलं नाही.

कॅबिनेटचं पुढचं दार बिजागरीवरून काढलं, मागं नुसती जाळी राहिली. वरची झाकणंही काढली. गरम हवेला तिकडून जायचं होतंच. दर रविवारी जाळी नळाखाली धुते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवते. न धरता मारलं तर ते भन्नाट सुटतं, बेअरिंगची वाट लागते आणि मोटर उलटी वीज तयार करते. ही ताकीद मामांची, आणि तिच्यावर माझा काही वाद नाही.

निघताना मामा काढून ठेवलेल्या त्या झाकणांपाशी घुटमळले. एक उचलून त्याच्यावर टिचकी मारली. ठप्प.

मामा : हे डांबरी तुकडे तुले लागणार नसतील ना?

मी : नाही. कशाला हवेत?

मामा : पडून राहतीन. नेतो मी.

मी : आवाज येतो म्हणजे मोटर जिवंत आहे ना, मामा?

मामा : मोटर चांगलीच आहे. कूलरचा बाजूचा पत्रा वाजते थोडा. तुह्या मामीले झोप लागत नाही.

झाकणं त्यांनी पिशवीत घातली आणि सायकलच्या ट्यूबचा उरलेला तुकडाही मागून घेतला.